गुडघाभर पाण्यात

अंबरनाथच्या बुवापाड्यापासून समुद्र लांब. आम्हा अंबरनाथकरांचं पाण्याशी नातं वालधुनीचं, चिखलोलीच्या धरणाचं आणि बदलापूरकडे पावसाळ्यात फुगणाऱ्या उल्हास नदीचं. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान पुरात अडकली. हजाराच्या आसपास प्रवासी तासन्‌तास डब्यांत अडकून पडले होते, आणि त्यांना काढायला एनडीआरएफच्या बोटींबरोबर नौदलाचे पाणबुडेही आले होते. त्यामुळे पाण्याची भीती आमच्याकडे कुणाला शिकवावी लागत नाही. कोंडेश्वरच्या धबधब्याकडे निघालेल्या पोरांना घरोघरी ज्या आवाजात बजावलं जातं, त्यात ती पुरेपूर उतरलेली असते. भीतीच्या पुढची पायरी मात्र कुणी सांगत नाही. पाण्याकडे बघायचं कसं, ते आज कसं आहे हे ओळखायचं कसं आणि त्यावरून आत जायचं की नाही हे ठरवायचं कसं, हे मला मालवणच्या वाळूवर उभं राहून कळू लागलं, तेही वयाच्या मानाने उशिरा.

अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूरहून मालवणला जाणं आता नवलाचं राहिलेलं नाही. ठाण्याला रात्रीची कोकणकन्या धरली की सकाळी कुडाळ, आणि तिथून एसटीने किंवा रिक्षाने मालवण. आमच्या गल्लीतल्या कितीतरी घरांत आता पाण्याखाली अंगठा दाखवणारा किंवा दोन बोटं जुळवून ‘ओके’ करणारा फोटो फ्रेम करून लावलेला दिसतो. हा फोटो बहुधा पंधरा-वीस मिनिटांच्या बुडीतला असतो. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास बोट नांगरायची, पर्यटकाला टाकी बांधून खाली सोडायचं, गाईडने मागून सिलेंडर धरून ठेवायचा, कॅमेरा पुढे करायचा आणि वर आणायचं. या प्रकाराला नावं ठेवायचं कारण नाही. पोहता न येणाऱ्या हजारो माणसांनी आपल्याच राज्यातलं प्रवाळ त्यामुळे पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं. फोटोसाठी मासे गोळा व्हावेत म्हणून काही ठिकाणी पाण्यात पावाचे तुकडे टाकतात, तेवढं मात्र थांबायला हवं. प्रवाळावरचं शेवाळ खाऊन ते साफ ठेवणारा मासा पावावर जगू लागला तर त्याच्या पोटाचंही नुकसान आणि प्रवाळाचंही.

मला बोलायचं आहे ते त्याच्या पुढच्या टप्प्यावरच्या माणसांविषयी. ज्यांनी रीतसर कोर्स केला, तरणतलावात मास्कमधलं पाणी काढायला शिकले, समुद्रात चार बुड्या मारून ‘ओपन वॉटर’चं कार्ड मिळवलं आणि ज्यांना आता जोडीदाराबरोबर १८ मीटरपर्यंत जायची परवानगी आहे, ते हे नवखे. तारकर्लीला एमटीडीसीची ‘इसदा’ ही स्कूबाची प्रशिक्षण संस्था उभी राहिल्यापासून मराठी मुलामुलींना असं रीतसर शिक्षण घ्यायला अंदमानला जावंच लागतं असं राहिलेलं नाही. पण कार्ड मिळालेल्या नवख्याने तोवर एकही निर्णय स्वतः घेतलेला नसतो. जागा बोटवाल्याने निवडलेली असते, वेळ गाईडने ठरवलेली असते, आणि ‘उडी मारा’ म्हटलं की उडी मारलेली असते. किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरायचं म्हटलं की हे सगळं आपल्या अंगावर येतं. माझ्या मते नवख्याचं खरं शिक्षण तिथून सुरू होतं, आणि त्यातलं बरंचसं कोरड्या वाळूवरच होतं.

स्कूबाच्या साधनाचा इतिहासही किनाऱ्यावरूनच सुरू झाला आहे. १९४३ च्या जून महिन्यात फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर बांदोलच्या रेल्वे स्टेशनात पॅरिसहून एक लाकडी खोकं आलं. त्यात एमिल गान्यां या इंजिनिअरच्या मदतीने तयार झालेलं ‘अ‍ॅक्वालंग’ होतं. झाक कुस्तो ते पाठीला बांधून एका आडोशाच्या खाडीत किनाऱ्यावरून चालत पाण्यात उतरले. त्यांची पत्नी सिमोन तोंडात नळी धरून वर तरंगत त्यांच्यावर लक्ष ठेवून होती, आणि दुमा हा कसलेला बुडी मारणारा मित्र काही बिनसलंच तर धावून जायला काठावर तयार होता. आडोशाची जागा निवडलेली, वर पहारा, काठावर मदत. ऐंशी वर्षांत रबर बदललं, धातू बदलला, मनगटावर कॉम्प्युटर आला. ही व्यवस्था मात्र आजही जशीच्या तशी वापरावी इतकी चोख आहे.

आपल्या पश्चिम किनाऱ्यावर अशा जागा थोड्या. कॅरिबियनमधल्या बोनेर बेटावर रस्त्याच्या कडेला पिवळे रंगवलेले दगड दिसले की समजायचं, इथून पाण्यात उतरायचं. गाडी लावा, टाकी चढवा आणि चालू पडा. अंदमानात स्वराज द्वीपवरही नवखे किनाऱ्यावरूनच प्रवाळापर्यंत पोचतात. कोकणात नद्या आणि खाड्या गाळ आणून ओततात, अरबी समुद्राची लाट किनाऱ्यावर थेट येते आणि तळ इतका हळू उतरत जातो की थोडी खोली गाठायलाही बरंच पोहावं लागतं. म्हणून बहुतेक बुड्या बोटीवरून होतात. तरी मालवणात चिवल्यासारखा अर्धचंद्राकृती, त्यातल्या त्यात शांत किनारा आहे. कडेला खडक आहेत आणि हिवाळ्यात पाणी निवळलं की चार-सहा मीटरवरही बघण्यासारखं पुष्कळ असतं. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतचा काळ त्यातल्या त्यात चांगला. मेच्या अखेरीला किल्ल्याच्या होड्यांसकट सगळं बंद होतं, आणि पाऊस पडून गेल्यावरही पाणी निवळायला वेळ लागतो.

त्या वाळूवर उभं राहून पहिलं काम म्हणजे तिथी बघणं. कोकणातल्या माणसाला सांगायला नको, पण आमच्यासारख्या घाटाच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना सांगावं लागतं की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती आणि दुपारी बाराच्या आसपास ओहोटी. पौर्णिमेला नि अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. हा अंदाज आहे. जागेगणिक त्यात थोडा फरक पडतो आणि मोबाइलवर नेमका तक्ता मिळतोच. पण बोटांवर हिशेब करणाऱ्याला आज उधाण आहे की भांग, हेही त्याच दमात कळतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाण्याची ये-जा कमी, ओढ कमी. नवख्याने हेच दिवस धरावेत. भरती पूर्ण होऊन पाणी ठरतं तो थोडा वेळ सगळ्यात निवांत आणि बहुतेक वेळा सगळ्यात स्वच्छ, कारण बाहेरचं निळं पाणी तेव्हा आत आलेलं असतं.

दुसरं काम लाटा बघणं, तेही नुसतं उभं राहून, काहीही अंगावर न चढवता. लाटा एकसारख्या येत नाहीत. काही मोठ्या लागोपाठ येतात, मग थोडी उसंत मिळते. ही उसंत किती वेळाची आहे ते मनाशी धरून ठेवायचं, कारण कमरेइतकं पाणी तेवढ्यात ओलांडायचं असतं. वारा पडलेला, पाणी तेलासारखं दिसतंय, आणि तरी दर काही सेकंदांनी एक लांबलचक फुगवटा येऊन वाळूवर आपटतोय, असंही पुष्कळदा दिसतं. ही लाट दूरवरच्या वादळाची असते आणि ती तळाची वाळू उचलून पाणी गढूळ करते. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था समुद्राचा अंदाज आणि उंच लाटांचे इशारे देत असते, ते आदल्या रात्री बघून ठेवावेत. त्याहून मोलाचं म्हणजे किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढणाऱ्या माणसांशी बोलणं. जाळं कुठे लावलंय, कुठल्या बाजूला ओढ आहे, पर्यटकांच्या स्पीडबोटी कुठून वळतात, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं. आणि तो किनारा आपल्याआधी त्यांचा आहे. विचारून उतरलं की कुणीतरी काठावरून आपल्याकडे बघत राहतं, हा त्यातला न मागता मिळालेला फायदा. पाण्यावर तरंगता बावटा सोबत ठेवायचा आणि नायलॉनच्या जाळ्यात अडकलं तर कापायला छोटी सुरी. दोन्ही गोष्टी नवख्यांना जड वाटतात, दोन्ही लागतात.

मग बाहेर कुठून यायचं ते ठरवायचं. आत जायच्या आधी. उतरायला सोपी वाटलेली जागा तासाभराने ओहोटीत उघड्या पडलेल्या खडकांची आणि कालवांच्या धारदार कडांची झालेली असू शकते. पर्यायी दुसरी जागाही बघून ठेवावी. मच्छीमार समुद्रात आपली जागा ओळखायला किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरतात. पुढचा माड आणि मागचं देऊळ, किंवा घराचा कोना आणि डोंगराची खिंड. हीच युक्ती बुडी मारणाऱ्यालाही उपयोगी पडते. मनगटावरच्या होकायंत्रावर एक दिशा पक्की करायची आणि वर आलो की त्या दोन खुणा जुळतात का ते बघायचं.

या सगळ्याला तासभर लागतो, आणि नवखा माणूस या तासात अस्वस्थ होतो. माझी भाची आता माझी बडी आहे, म्हणजे पाण्यातली जोडीदार. वयाने निम्मी, अंगात माझ्याहून दुप्पट ताकद. पहिल्या वेळी ती सूट घालून वाळूत फेऱ्या मारत होती. “मावशी, किती वेळ बघत बसायचं? पाणी तर छान दिसतंय.” मी तिला म्हटलं, “छान दिसतंय ना? मग कसं छान ते सांग. ओढ कुठल्या बाजूला आहे?” ती गप्प झाली, बसली, आणि तरंगत चाललेल्या एका नारळाच्या झावळीकडे बघत राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, “उत्तरेला नेतंय.” त्यावरून आम्ही ठरवलं की आधी दक्षिणेकडे, ओढीच्या विरुद्ध जायचं, म्हणजे दमल्यावर परतताना पाणीच साथ देईल.

उतरणं हा यातला सगळ्यात कष्टाचा भाग. अ‍ॅल्युमिनियमची नेहमीची टाकी भरलेली असताना चौदा किलोच्या वर भरते, त्यात कमरेला शिशाची वजनं. कोरड्या वाळूत हे ओझं खांद्यांना कापतं. मास्क डोळ्यांवर, टाकीतली हवा देणारा रेग्युलेटर तोंडात, जॅकेटमध्ये थोडी हवा भरलेली, पायांत घालायच्या फिन्स हातात. पाणी घोट्याला लागलं की पाय उचलून टाकायचे नाहीत, वाळूतून घासत न्यायचे, कारण उथळ वाळूत पाकट पुरून बसलेली असते आणि पायाची चाहूल लागली की ती आपणहून सरकते. गुडघाभर पाण्यात आम्ही थांबलो. भाचीचा हात माझ्या खांद्याच्या पट्ट्यावर, माझा तिच्या. मोठ्या लाटा येऊन गेल्या. त्यांच्यातली तिसरी मांडीवर आपटली तेव्हा दोघींचेही पाय सरकले, पण एकाच वेळी सरकले नाहीत, म्हणून दोघीही उभ्या राहिलो. मग उसंत आली. झपाझप छातीभर पाण्यात, तिथे तरंगून एकमेकींना धरत फिन्स चढवल्या आणि लाट फुटते त्या रेषेच्या पलीकडे गेलो. तिथे पोचल्यावर ती रेग्युलेटर तोंडात ठेवूनच हसत होती, ते मला मास्कच्या काचेतून दिसलं. त्या काही मिनिटांत एकमेकींच्या वजनाचा आणि घाईचा जो अंदाज येतो, तो बोटीच्या काठावरून मागे कलंडताना येत नाही.

आत गेल्यावर चिवल्याच्या वाळूवर सुरुवातीला काहीच नसतं, असं वाटतं. हिरवट उजेड, चार-पाच मीटरपुढचं दिसत नाही. पण वाळूवर बारीक वळ्या असतात, आणि त्या साधारणपणे किनाऱ्याला समांतर असतात. होकायंत्रावरची नजर हटली तरी त्या वळ्या आडव्या कापत खोली कमी होईल तसं गेलं की किनारा लागतो. खडक सुरू झाला की चित्र बदलतं. प्रवाळाचे पिवळसर, तपकिरी गोळे, त्यांच्या फटींत पट्ट्यापट्ट्यांचे मासे, आणि एकदा आमच्या समोर आलेला केंड. बाजारात कुणी न घेणारा, जाळ्यातून फेकून दिला जाणारा हा मासा पाण्यात किती जपून वळतो, छोटे पंख भिरभिरवत जागच्या जागी कसा थांबतो आणि प्रत्येक डोळा वेगळा फिरवून आपल्याला न्याहाळतो, हे बघत आम्ही तिथेच थांबलो. त्याला घाबरवून फुगवायचं नाही, एवढंच आपलं काम.

उथळ म्हणजे सोपं, असा नवख्यांचा समज असतो, आणि तो काढून टाकावा. पाण्याखाली दर दहा मीटरला दाब एका वातावरणाने वाढतो. पृष्ठभागावर एक, दहा मीटरवर दोन, वीसवर तीन, तीसवर चार. म्हणजे दहा मीटरवरून वर येताना जॅकेटमधली आणि छातीतली हवा दुपटीला जाते, पण तीस मीटरवरून विसावर येताना ती फक्त एकतृतीयांशाने वाढते. पृष्ठभागाजवळच्या शेवटच्या काही मीटरांतच सगळ्यात मोठे बदल होतात. म्हणून चार मीटर पाण्यात स्थिर तरंगत राहणं पंधरा मीटरवर राहण्यापेक्षा अवघड जातं. आणि छाती भरून श्वास रोखून दीड-दोन मीटर वर आलं तरी फुप्फुसाला इजा होऊ शकते. श्वास कधीही रोखायचा नाही, हा पहिल्या दिवशी शिकवलेला नियम उथळ पाण्यातच सगळ्यात जास्त पाळायचा असतो. हवेचा हिशेबही वेगळा करावा लागतो. अकरा लिटरची टाकी २०० बारला भरली की साधारण २२०० लिटर हवा होते. बोटीच्या बुडीत ५० बार उरवून वर यायचं असा रिवाज आहे, पण किनाऱ्यावरच्या बुडीत वर आलं म्हणजे घरी आलं असं होत नाही. अजून लाटांतून बाहेर पडायचं असतं, आणि पाय घसरून तोंडावर पडलं तर रेग्युलेटरमधून येणारी हवा तेव्हाच सगळ्यात जास्त हवी असते. आम्ही निम्मी हवा संपायच्या आधीच वळतो, आणि गुडघ्यावर रांगत का होईना, कोरड्यात आल्याखेरीज मास्क आणि रेग्युलेटर काढत नाही.

आणि काही दिवस उतरायचंच नसतं. एकदा मार्चअखेर सगळी तयारी झाली होती, टाक्या भरून आणलेल्या, सुट्टीचा शेवटचा दिवस. पाणी निळं दिसत होतं. होडी ओढून घेणारे एक म्हातारे काका आमच्याजवळ थांबले, समुद्राकडे बघितलं आणि म्हणाले, “आज पाणी बरां नाय. उद्या बघूया.” आम्हाला उद्या नव्हता, रात्रीची गाडी होती. सोबत आलेल्या आमच्या प्रशिक्षकांनी एक शब्द न बोलता टाक्या परत रिक्षात चढवल्या. दुपारनंतर वारा सुटला. तो सुटला नसता तरी निर्णय बरोबरच होता, असं मी मानते. स्कूबात एक नियम जगभर पाळला जातो. कुणीही, कधीही, कुठलंही कारण न देता बुडी रद्द करू शकतो, आणि त्याला कुणी ‘का’ विचारायचं नसतं. गटात लाजणाऱ्या, पैसे भरलेत म्हणून रेटणाऱ्या आपल्या माणसांना या नियमाची फार गरज आहे. एप्रिल २०१७ मध्ये याच मालवणच्या वायरी किनाऱ्यावर बेळगावहून सहलीला आलेले आठ जण पोहायला उतरून बुडाले. मे २०२२ मध्ये, हंगाम संपत आलेला असताना, स्कूबा करून परतणाऱ्या पर्यटकांची बोट तारकर्लीजवळ उलटली आणि दोघे गेले. दोन्ही वेळी समुद्र तोच होता, ज्याचे फोटो आपण भिंतीवर लावतो.

परतीचा प्रवासही बुडीतच धरायला हवा. शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो, म्हणून शेवटच्या बुडीनंतर विमानात बसण्याआधी निदान १८ तास जाऊ द्यायचे असतात. विमानाचं सगळ्यांना ठाऊक असतं, घाटाचं कुणी सांगत नाही. बुडी मारून लगेच गाडी आंबोलीच्या घाटाने वर काढली तर काही वेळातच आपण समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटरवर पोचतो. अवघडलेल्या शरीराला हेही झेपेलच असं नाही. आम्हा मुंबईकडच्यांची कोकण रेल्वे किनाऱ्याकिनाऱ्याने, कमी उंचीवरून जाते, ते बरं आहे. सांधे दुखणं, मुंग्या येणं असं काही झालंच तर त्यावरच्या उपचाराची दाबाची खोली मोजक्याच ठिकाणी आहे. मुंबईत ती नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात आहे, म्हणजे मालवणपासून एका रात्रीच्या प्रवासावर.

मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. कठीण प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे वाघाच्या पंगतीत बसलेलं आहे. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी केली, ती जागा निवडण्यात भोवतालच्या बुडालेल्या खडकांचा मोठा वाटा होता. परकी जहाजं त्यांच्यामुळे किल्ल्याजवळ येऊ धजत नसत. आज त्याच खडकांवर प्रवाळ वाढतं. तोल न सांभाळता येणाऱ्या माणसाची एक फिन अनेक वर्षांची वाढ मोडून टाकते. म्हणूनही नवख्यांनी खडकाजवळ जायच्या आधी नुसत्या वाळूवर तरंगायचा सराव करावा, कितीही कंटाळवाणा वाटला तरी.

तेव्हा आमच्या बाजूच्या, कल्याणपासून कर्जतपर्यंतच्या, ज्या कुणी कार्ड मिळवलं असेल त्यांना माझी विनंती आहे. पुढच्या हिवाळ्यात अष्टमीच्या आसपासचे दिवस बघून तिकीट काढा, तीन दिवसांचं काम असेल तर चार दिवस राखून ठेवा, आणि तुमच्यासोबत पाण्यात उतरणाऱ्या अनुभवी माणसाला पहिल्याच भेटीत विचारा, की आज समुद्र बरा नसेल तर तुम्ही आम्हाला परत पाठवाल का. जो ‘पाठवीन’ म्हणेल त्याच्याबरोबर जा.